आवडता पदार्थ, वेळ दोन मिनिटे

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर माझी नात मनू हातात मोबाईल घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, आज तू परीक्षक हो."

सदतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला असं कुणी म्हटलं की ती नाही म्हणत नाही. मी चष्मा पुसला, खुर्ची सरळ केली. मनूला पुढच्या शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात जायचंय, त्यासाठी आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. वाचन, लेखन, ऐकणं आणि बोलणं असे तिचे चार भाग. बोलण्याचा भाग अकरा ते चौदा मिनिटांचा. समोर जिताजागता परीक्षक, मध्ये टेबल, आणि सगळं संभाषण ध्वनिमुद्रित होतं. आधी घर, अभ्यास, आवडीनिवडी असले साधे प्रश्न. मग एक कार्ड हातात देतात, त्यावर विषय असतो. एक मिनिट विचार करायला, टिपण काढायला कागद-पेन्सिल, आणि मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. शेवटी त्याच विषयावर जरा खोलातले प्रश्न.

मनूने मला प्रश्न लिहून दिले होते. मी वाचला, "व्हॉट इज युअर फेव्हरिट फूड?"

"माय फेव्हरिट फूड इज पिझ्झा. इट इज व्हेरी टेस्टी अँड चीझी. आय ईट इट विथ माय फ्रेंड्स ऑन वीकेंड्स."

आणि थांबली. मी घड्याळात पाहिलं. बारा सेकंद.

"अगं, पण तू पिझ्झा कुठे खातेस? चीजने तुझं पोट बिघडतं. तुला तर थालीपीठ आवडतं."

"आजी, खरं-खोटं कुणी तपासत नाही. आणि थालीपीठाला इंग्रजीत काय म्हणू?"

प्रश्न बरोबर होता. मी गप्प बसले. पण रात्री झोप येईना. (या वयात ती तशीही येत नाही, निमित्त लागतं इतकंच.) माझी बी.ए. मराठी माध्यमातली, विषय इतिहास. त्यामुळे कुठलीही गोष्ट अडली की ती सुरू कधी झाली हे बघायची खोड. परक्या माणसाला समोर बसवून "तुला काय खायला आवडतं?" असं विचारून त्याचं इंग्रजी जोखायची ही रीत आली कुठून? दोन-तीन रात्री त्यातच गेल्या. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते.

केंब्रिज विद्यापीठाने परदेशी लोकांसाठी इंग्रजीची पहिली परीक्षा घेतली ती १९१३ साली, लंडनला. सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशिएन्सी इन इंग्लिश. परदेशात इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांसाठी ती होती. सगळे पेपर मिळून बारा तासांचं काम! भाषांतर, व्याकरण, निबंध, साहित्य, उच्चारशास्त्र. आणि या सगळ्यात तोंडी परीक्षेचा वाटा एका तासाचा. अर्धा तास शुद्धलेखनासारखं ऐकून लिहायचं, आणि अर्ध्या तासात मोठ्याने वाचन आणि संभाषण. बसले किती? तीन उमेदवार. पास किती? एकही नाही. शाळेचा निकाल असा लागला असता तर आमच्या मुख्याध्यापकांनी आम्हाला उन्हात उभं केलं असतं!

पण त्या परीक्षेत संभाषण होतं, ही लहान गोष्ट नाही. पुढे कित्येक मोठ्या परीक्षांना ते जमलं नाही. अमेरिकेची टोफेल १९६४ साली सुरू झाली, तिच्या मुख्य परीक्षेत बोलणं आलं ते थेट २००५ मध्ये, तेही मायक्रोफोनसमोर. ब्रिटनला शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९६५ पासून जी चाचणी होती तिच्यातही बोलणं नव्हतं. कारण उघड आहे. लेखी पेपर एक माणूस दिवसाला पन्नास तपासतो. तोंडी परीक्षेत एकेकाला समोर बसवावं लागतं. शिवाय आज सकाळी पोट भरलेल्या परीक्षकाने दिलेले सात आणि दुपारी भुकेल्या परीक्षकाने दिलेले सात हे सारखेच कशावरून? केंब्रिजचे परीक्षा-अधिकारी जॅक रोच यांनी तोंडी परीक्षांच्या अडचणींवर १९४५ मध्ये एक अहवाल लिहिला, त्यातली मुख्य काळजी हीच. वेगवेगळ्या परीक्षकांची मोजपट्टी एक कशी करायची? तोंडी परीक्षा घेतलेल्या कुठल्याही शिक्षकाला हे दुखणं ठाऊक आहे. दहाव्या मुलापर्यंत आपण उदार असतो. चाळिसाव्याला आपल्याला फक्त घरी जायचं असतं.

१९८० मध्ये ब्रिटनची ती जुनी चाचणी बदलली, नव्या चाचणीत बोलणं आलं आणि १९८९ मध्ये तिचीच आयईएलटीएस झाली. ब्रिटिशांबरोबर त्यात ऑस्ट्रेलियाही भागीदार झाला. आणि २००१ मध्ये रोचसाहेबांच्या काळजीवर तोडगा निघाला, तो असा की परीक्षकाने काय बोलायचं तेही छापून द्यायचं! तेव्हापासून परीक्षक ठरलेली वाक्यंच म्हणतो, पहिल्या भागात तर जवळजवळ काटेकोर. तुम्ही काहीही सांगितलंत तरी तो "अरे वा, मलाही आवडतं" म्हणणार नाही. फार तर "का?" किंवा "का नाही?" एवढंच. मनू म्हणते, क्लासमध्ये हे आधीच बजावून ठेवतात, समोरचा हसला नाही तर घाबरायचं नाही.

आता खाण्याचा विषय का, तेही सांगते. इथे एक गंमत आहे. केंब्रिजची ती पहिली परीक्षा झाली त्याच वर्षी, १९१३ च्या ऑक्टोबरात, बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' व्हिएन्नात रंगमंचावर आलं. आपल्या पु.लं.ची 'ती फुलराणी' त्याच्यावरूनच बेतलेली. मूळ नाटकात फुलं विकणारी इलायझा उच्चारांची तालीम घेऊन प्रथमच प्रतिष्ठित लोकांच्या बैठकीत येते, तेव्हा प्रोफेसरने तिला बजावलेलं असतं की दोनच विषयांवर बोलायचं, हवामान आणि प्रकृती. हे बिनधोक विषय. पण बाई प्रकृतीवर बोलताबोलता मेलेल्या मावशीवर आणि दारूवर घसरते. उच्चार अगदी शुद्ध, आणि तरी सगळ्यांच्या भुवया वर! शॉने त्या एका प्रवेशात तोंडी परीक्षेचं मर्म सांगून ठेवलंय असं मला वाटतं. सुरक्षित विषय दिला तरी माणूस त्यात आपलं घर घेऊन येतो.

खाणं हा तसाच बिनधोक विषय. राजकारण नको, धर्म नको, पगार नको. जेवतात तर सगळेच. त्यामुळे जगभरच्या उमेदवारांना समान संधी, असा हिशोब असावा. वरवर बरोबर वाटतो.

पण खाण्याचा शब्द आणि बोलण्याची परीक्षा यांचं नातं केंब्रिजहून फार जुनं आहे, आणि ते इतकं निरुपद्रवी नाही. बायबलच्या जुन्या करारात गोष्ट आहे. गिलादच्या लोकांनी एफ्राइमच्या लोकांना हरवलं आणि जॉर्डन नदीचे उतार अडवून धरले. पळून जाणारा आला की त्याला एकच शब्द म्हणायला लावायचे, शिब्बोलेथ. एफ्राइमवाल्यांना 'श' म्हणता येत नसे, ते सिब्बोलेथ म्हणत. म्हटलं की तिथेच कापायचे. बेचाळीस हजार मेले असं त्या ग्रंथात लिहिलंय. आणि शिब्बोलेथ म्हणजे काय? धान्याचं कणीस! (प्रवाह असाही अर्थ काहीजण लावतात.) पुढे १२८२ मध्ये सिसिलीत फ्रेंचांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा लपलेले फ्रेंच ओळखायला त्यांना हरभऱ्याचा तिथला शब्द 'चिचिरी' म्हणायला लावत, अशी आख्यायिका आहे. आणि हे काही फक्त जुन्या काळातलं नाही. १९३७ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियोच्या सैन्याने हैतीच्या हजारो लोकांची कत्तल केली, तिला पार्सलीची कत्तल म्हणतात. आपल्या कोथिंबिरीसारखी दिसते ना, ती पार्सली. तिची जुडी दाखवून "हे काय?" विचारायचे, आणि स्पॅनिशमधल्या 'पेरेहिल' या शब्दातला 'र' नीट आला नाही की माणूस हैतीचा ठरायचा, असं सांगतात.

कणीस, हरभरा, पार्सली. सगळी स्वयंपाकघरातली मंडळी. मला आधी हे नवलाचं वाटलं, मग वाटलं त्यात नवल कसलं. खाण्याचे शब्द आपण आईच्या मांडीवर शिकतो, ते जिभेवरून सहजी पुसले जात नाहीत. म्हणून तर माणूस तिथे पकडला जातो.

मनू जिथे चालली आहे त्या ऑस्ट्रेलियाचाही एक धडा आहे बरं का. १९०१ पासून १९५८ पर्यंत तिथे नको असलेल्या माणसाला बंदरावर अडवायला श्रुतलेखनाची परीक्षा होती. कायद्यात गोरा-काळा शब्द नाही. फक्त अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा वाचणार, तो उमेदवाराने लिहायचा. मेख अशी की भाषा अधिकारी निवडणार! १९०९ नंतर त्यात कुणीही उत्तीर्ण झालं नाही. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा झेक पत्रकार आला. गडी कितीतरी युरोपीय भाषा जाणणारा. सरकारला तो नको होता, तर त्याला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत उतारा घातला. पुढे तिथल्या उच्च न्यायालयाने ही गेलिक कायद्यातली युरोपीय भाषा धरता येत नाही असा निकाल दिला, आणि सरकारची शोभा झाली ती झाली.

आजची परीक्षा तशी नाही, हे मी मनूच्या आईलाही सांगितलं. ती उगाच घाबरली होती. आज गुण कशाला द्यायचे ते उघड छापलेलं असतं. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार, चारही बाबींना सारखं वजन. पाडण्यासाठी घेतलेली परीक्षा आणि मोजण्यासाठी घेतलेली परीक्षा यांत फरक असतो.

हे मी लिहितेय खरी, पण याच फरकाशी माझं जुनं देणं आहे.

दुसऱ्या दिवशी मी मनूला हे सगळं सांगत होते, तर ती म्हणाली, "आजी, आता तू बस. मी परीक्षक." कार्ड पुढे केलं. लहानपणचा आवडता पदार्थ. एक मिनिट, कागद, पेन्सिल. मंडळी, मी अकरावीपर्यंत इंग्रजी शिकले, कॉलेजात सक्तीचा इंग्रजीचा पेपर दिला, शाळेत इंग्रजीचे शिक्षक रजेवर असले की पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवलंही. पण उभ्या आयुष्यात माझी इंग्रजीची तोंडी परीक्षा कुणी घेतली नव्हती. कागदावर मराठीत लिहिलं, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. आणि तोंड उघडलं, "माय फेव्हरिट फूड वॉज... ब्रेड... ब्रेड इन मिल्क..."

आणि मला पुढचं बोलवेना.

१९८६ साल असावं. सातवीची वार्षिक परीक्षा, इंग्रजीची तोंडी माझ्याकडे. मी आधी आठ दिवस फळ्यावर चार वाक्यं लिहून दिली होती. आय लाइक राइस. आय लाइक ब्रेड अँड जॅम. तीच घोकून म्हणायची, दहापैकी सात-आठ ठरलेले. एक मुलगी आली. वस्तीवरून चालत यायची, आईवडील ऊसतोडीला जात तेव्हा दोन-दोन महिने गैरहजर, त्यामुळे फळ्यावरची वाक्यं तिच्या वाट्याला आलीच नव्हती. मी विचारलं, व्हॉट डू यू लाइक टू ईट? तिने जरा विचार केला आणि स्पष्ट म्हणाली, "आय लाइक भाकरी. माय मदर मेक भाकरी."

मी म्हटलं, "भाकरी नाही, ब्रेड म्हण."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात मराठीत म्हणाली, "बाई, ब्रेड ताप आल्यावर खात्यात."

खरंच होतं ते. त्या काळी आमच्या भागात कुणाच्या हातात ब्रेडचा पुडा दिसला की शेजारीण विचारायची, घरात कोण आजारी आहे? मुलीने शब्दाचा अर्थ माझ्यापेक्षा नीट ओळखला होता. पण रांगेत अजून तीस मुलं होती, बाहेर ऊन होतं, आणि मला घरी जायचं होतं. मी "नेक्स्ट" म्हटलं आणि तिच्या नावापुढे तीन मांडले. वर्गात त्या दिवशी स्वतःचं वाक्य स्वतः जुळवून बोललेली ती एकटीच. 'मेक'ला एस लावला नव्हता, बास. बाकीच्यांनी माझीच वाक्यं मला परत केली आणि मी त्यांना आठ-आठ दिले.

मनूला हे सांगितलं. ती काही बोलली नाही, पाणी आणून दिलं.

नंतर आम्ही दोघींनी त्या गुण द्यायच्या पद्धतीचा जाहीर तक्ता पुन्हा वाचला. शब्दसंपत्तीच्या रकान्यात एक गोष्ट स्पष्ट आहे. एखादा शब्द नसला तर तो वळसा घालून समजावून सांगता येतो का, याला गुण आहेत. म्हणजे थालीपीठाला इंग्रजी शब्द नाही ही अडचण नव्हेच, गुण मिळवायची ती जागा आहे! मला मोल्सवर्थ आठवला. कपाटात त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची छापील प्रत आहे, तो जाडजूड ठोकळा घरातल्यांना माहीत आहेच. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. त्या साहेबापुढे हाच प्रश्न होता, फक्त उलट्या बाजूने. आपल्या खाण्याच्या शब्दांना त्याच्या भाषेत शब्द मिळेना, तिथे तो सरळ वर्णन करतो. कशाचं करतात, कसं करतात. मराठी माणसाला विचारून विचारून लिहिलेलं. आणि काही शब्द तर वर्णनाशिवायच तिकडे जाऊन बसले. चटणी गेली. खिचडीची केडगेरी झाली आणि तिच्यात मासे-अंडी पडून ती इंग्रजांच्या न्याहारीला बसली! ते शब्द इकडून गेले तेव्हा कुणी "चटणी नाही, जॅम म्हण" असं म्हणालं नाही.

तर मी मनूला म्हटलं, थालीपीठ म्हणजे थालीपीठ. शब्द तसाच सांग आणि पुढे समजाव. मराठीत आधी बोल माझ्याशी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे. प्रत्येक वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाचा भाजायचा वेळ वेगळा. गिरणीतून जरा भरड दळून आणायचं. कांदा घालून मळायचं, ओल्या फडक्यावर थापायचं. मधे भोक का पाडतात? तेल सोडायला, म्हणजे मधूनही खरपूस होतं. वर लोण्याचा गोळा. आणि गिरणीतून येताना डबा गरम लागतो म्हणून तू लहानपणी तो पोटाशी धरायचीस, ते सांग.

मग घड्याळ लावलं. पिझ्झ्याला बारा सेकंद लागले होते. थालीपीठाला दोन मिनिटं पुरली नाहीत, मलाच "थँक यू" म्हणून तिला तोडावं लागलं. मधे दोनदा अडखळली, एकदा भूतकाळ चुकला. पण तिला पुढचं वाक्य शोधावं लागत नव्हतं, ते येत होतं. मी तिला हेही सांगितलं की हे पाठ मात्र करू नकोस, नाहीतर थालीपीठाचाही पिझ्झा होईल.

परीक्षा गेल्या महिन्यात झाली. बाहेर आल्याआल्या फोन. खाण्याबद्दल एक शब्द विचारला नाही! पहिलाच प्रश्न हवामानावर. मी फोनवरच इतकी हसले की तिला वाटलं मला ठसका लागला. इलायझाचा किस्सा तिला परीक्षेतही आठवला म्हणे, पण तिने मावशीला काही मधे आणलं नाही. बोलण्यात सात मिळाले.

जायची तारीख ठरली आहे. बॅगा भरणं चालू आहे. आता नवीन भानगड अशी की ऑस्ट्रेलियात उतरल्यावर खाण्याचे पदार्थ जवळ असले तर ते फॉर्मवर जाहीर करावे लागतात, आणि अधिकारी डबा उघडून विचारू शकतो, हे काय? चालतं की नाही ते तोच ठरवणार. काल मनू भाजणीचा डबा घेऊन आली, सोबत चिकटपट्टी आणि पेन.

"आजी, यावर काय लिहू? फ्लोअर लिहू का नुसतं?"

मी म्हटलं, "आधी भाजणी लिही. मग खाली एकेक सांगते, तू लिही."

तिने वर मोठ्या अक्षरात भाजणी लिहिलं, रोमन लिपीत, आणि मी ज्वारीपासून सुरुवात केली.